पंचविसावं अंथरूण

तपासणीला आलेल्या समीक्षा मॅडम दबक्या पावलांनी अंथरुणांमधून चालत होत्या आणि मथुरा श्वास रोखून त्यांच्या ओठांकडे पाहत होती. मुलं झोपली होती. पडद्यातून गाळलेलं दुपारचं ऊन त्यांच्या पाठींवर सांडलं होतं. मॅडम ओठांतल्या ओठांत मोजत होत्या.

पंचवीस मुलं भरली नाहीत, तर पाळणाघराचं सरकारी अनुदान बंद होणार होतं. अनुदान थांबलं की भांडुपच्या टेकडीवरच्या या खोलीला कुलूप लागणार, आणि मथुरासकट इथं मुलं सांभाळणाऱ्या आयांची कामं सुटणार.

म्हणूनच सकाळी सपना वेळेवर आली नाही, तेव्हा मथुराचा जीव टांगणीला लागला होता. सपनाच्या बहिणीचा विकी पंचविसावा होता.

"आजच मुहूर्त सापडला गं तुला उशीर करायला?"

"त्याच्या आईचंच आवरत नव्हतं. ती गेल्याशिवाय कशी निघू?" सपनानं विकीला खाली ठेवलं. "भाताला चमचा दे हां. हातानं खात नाही तो."

"तुझ्या बहिणीनं साहेबच जन्माला घातलाय."

सपना हसली नाही. लगबगीनं पोळ्यांच्या कामांवर निघून गेली.

आता विकी कोपऱ्यात, डोक्यावरून गोधडी ओढून, भिंतीकडे तोंड करून झोपला होता. दिवाळीपासून येत होता, तरी मथुराखेरीज कुणाकडे जात नसे.

"पंचवीस," मॅडम कुजबुजल्या.

मग त्यांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, औषधांचा डबा उघडून पाहिला, पातेल्यातली खिचडी चाखली. चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

"मी शिफारस करतेय," अखेर त्या हलकेच म्हणाल्या. "अनुदानाची काळजी सोडा आता."

मथुराच्या छातीत कधीची आवळून बसलेली मूठ बोटाबोटानं उघडत गेली. तिला एकाएकी झोपलेल्या मुलांचे श्वास ऐकू येऊ लागले. इतका वेळ ते चालू होते, याचाही तिला विसर पडला होता.

चहा घेऊन दोघी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"खरं सांगू, मथुराताई? ही मुलं नशीबवान आहेत. माझा घरी असतो. दिवसभराची बाई ठेवलीय, चांगली आहे. तरी ऑफिसात घास उतरत नाही."

"मग आणा की इथंच. सरकारचं लेकरू सरकारी पाळणाघरात."

आल्यापासून पहिल्यांदाच मॅडम मोकळ्या आवाजात हसल्या.

त्या हसण्यानं कोपऱ्यातली गोधडी हलली. विकी उठून बसला, डोळे चोळत क्षणभर कानोसा घेत राहिला. मथुरानं सवयीनं हात पसरले. तो तिला वळसा घालून, अंथरुणं तुडवत उंबऱ्यापर्यंत धावला आणि मॅडमच्या साडीत तोंड खुपसून म्हणाला, "मम्मा."