खांद्याच्या वर

तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि नवरा न् मुलगा तिच्या हातामागे अगदी हात धुऊन लागले. उलथनं परजत नवरा विचारायचा, "आज कुठवर गेला?" भांडी घासता घासता मुलगा ओरडायचा, "आई, भिंतीवर बोटं चढवलीस का?" ऐकून ऐकून तिचे कान किटले. हात मात्र कानापाशी येऊन अडायचा, तो अडायचाच.

शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी वैतागून नवऱ्याला बाहेर बसवलं आणि तिचा हात धरून उचलला. तो बिनतक्रार डोक्यावर गेला.

"अहो, मग घरीच का अडतो?"

तिनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "घरी कानाच्या वर पातेल्यांची फळी आहे. तिथवर हात पोचला, की उलथनं परत माझ्याच हातात!"