गळती शून्य

चेन्नईत वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये पुष्करने दोन कॉम्प्युटर मांडले होते. एकावर तो गेम खेळायचा, दुसऱ्यावरून तोच खेळ, कोपऱ्यात स्वतःच्या चेहऱ्यासकट, लोकांना थेट दाखवायचा. पण दुसऱ्यावरचं चित्र सारखं अडखळायचं, मधल्या फ्रेम गळून जायच्या. त्या दुपारी त्याने केबल बदलली, दोन्ही स्क्रीनचा वेग सेकंदाला साठ फ्रेमवर आणला, आणि गळतीचा आकडा एकदाचा शून्यावर आला.

"कॉफी आणलीय रे," त्याची बायको तनया दारातून म्हणाली.

पुढच्याच क्षणी टंबलर त्याच्या हातात होता, रिकामा. जिभेवर कॉफीची चव होती. ती आत कधी आली, त्याला दिसलंच नाही; मधला वेळच गळून गेला होता.

त्याने दुसऱ्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथला पुष्कर निवांत कॉफी पीत होता, एकही झटका न खाता.

"तनया!"

ती समोरच उभी होती. डोळे लाल, खांद्याला बॅग. "एवढं बोलून झाल्यावर आता हाक कशाला मारतोस?"

"मी काय बोललो?"

समोर बंद दार होतं.

केबल उपटायला त्याने हात पुढे केला. हात मांडीवरच होता.

स्क्रीनवरचा पुष्कर मात्र बोलत होता, शांतपणे, सलग. खुर्चीतल्या पुष्करने मोठ्या कष्टाने स्वतःच्या ओठांना बोट लावलं. ते मिटलेले होते.