दोन हजारला ती कशी वाजते

"चार!" मेरिन ओरडली आणि वर हाताची चार बोटंही दाखवली, कारण नुसत्या ओरडण्याने पॉपला काही कळत नाही.

पॉप, म्हणजे तिच्या आईचा बाप, स्टिअरिंगमागे अ‍ॅक्सिलरेटरचा हाताने ओढायचा दांडा धरून बसला होता. भर दुपारी अंधार करायला शेडची दारं लावून घेतलेली, धूर जायला मागची खिडकी तेवढी उघडी, डोक्यावर एक जुनी ट्यूबलाइट. उघड्या बॉनेटखाली इंजिनाची मोठी पुली गरगर फिरत होती. तिच्यावर मेरिनने खडूची एकच रेघ ओढली होती, पण आता दिसत होत्या चार, आणि चारही जागच्या जागी उभ्या. ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. एका रेघेच्या चार होऊन थांबल्या की समजायचं, इंजिन मिनिटाला बरोबर दीड हजार फेरे घेतंय. हे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी पंख्यावर करून दाखवलं होतं. खडूने गाड्या दुरुस्त करायला शिकवतात म्हणजे शाळा अगदीच फुकट नाही, असं पॉप सकाळीच म्हणून बसला होता.

डॅशबोर्डवरचा फेरे दाखवणारा काटा मात्र एकवीसशे म्हणत होता.

अकरा वर्षं तो असाच फुगवून सांगत आला होता. गाडीचा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जळला तेव्हा पॉपने मोडीतल्या कापणीयंत्राचा काढून बसवला. त्याची पुली लहान, म्हणून तो जोरात फिरणार, आणि त्याच्यावर चालणाऱ्या काट्याला वाटणार इंजिनच जोरात फिरतंय. पॉपला हे ठाऊक होतं. पण काट्याकडे बघतो कोण? त्याला कान होते. कानावर तो गिअर बदलायचा. रस्त्याने जाता जाता शेजाऱ्याच्या पंपाचं बेअरिंग महिन्याभरात जाणार, हे सांगायचा, आणि ते जायचंच.

कान गेले ते हळूहळू. चाळीस वर्षं मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये आणि कापणीयंत्रावर काढली, त्याचं बक्षीस. उजवा पार गेला, डावा तोंड लावून बोललं तरच. गेल्या महिन्यात तो वुडिन्ना गावापर्यंत अख्खा रस्ता तिसऱ्याच गिअरमध्ये गेला. गाडी किंचाळत होती आणि हा येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होता. धान्याच्या कोठारावरच्या बायकांनी म्हणे लांबूनच आवाज ओळखून चहाची किटली ठेवली; क्लॅरी, म्हणजे पॉप, येतोय, दहा मिनिटांत पोचेल. सगळं गाव हसलं. मेरिनची आई, मम, तेवढी हसली नाही.

शनिवारी त्यांच्या शेताच्या सामानाचा लिलाव होता. नांगर, टाक्या, पेरणीयंत्र, सगळं माळावर रांगेने मांडून झालं होतं. ममने गाडीच्या वायपरलाही नंबराची चिठ्ठी बांधली. एक्केचाळीस. पॉप म्हणाला, कान नाहीत तर काटा बघून चालवीन. मम म्हणाली, मग गुरुवारपर्यंत काटा खरा करून दाखव.

आज गुरुवार होता.

मेरिनने मीटर अर्धा बाहेर ओढून त्याच्या पाठच्या भोकात बारीक पेचकस घातला. आतला स्क्रू तिळाएवढा. नुसता स्पर्श केला तर काटा अठराशेवर आला. आणखी एवढंसं, तर चौदाशेवर गडगडला. पॉपने श्वास धरून ठेवला होता. ती केसभर मागे आली. पंधराशे. पळत जाऊन तिने रेघा पाहिल्या. चार, उभ्या. पॉपने दांडा ओढून काटा तीन हजारवर नेला. दोन रेघा, त्याही उभ्या! मेरिनने शेडमध्येच गिरकी घेतली.

मम आली. तिने सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं, रेघा पाहिल्या, काटा पाहिला, बापाचं तोंड पाहिलं. मग चिठ्ठी सोडून खिशात टाकली आणि त्याच्या डाव्या कानात सांगितलं, की काट्याकडे बघ, पण रस्त्याकडेही बघ.

मीटर जागेवर बसवून दोघं निघाले. खडीच्या रस्त्याला लागल्यावर पॉपने दोन हजारला गिअर बदलला. पुन्हा दोन हजार, पुन्हा गिअर. एकदाही चुकला नाही. त्याचे डोळे रस्ता, काटा, रस्ता, काटा, असे पळत होते. एरवी हा गाडी चालवताना लोकांच्या गव्हाला नावं ठेवत जायचा. आज दोन्हीकडे गहू उभा होता आणि त्याने एकदाही मान वळवली नाही.

"बरोबर आहे ना?" मेरिन त्याच्या कानाशी ओरडली.

"अगदी बरोबर आहे."

पुढच्या वळणानंतर त्याने पुन्हा दोन हजारला गिअर बदलला. मग नजर काट्यावरच ठेवून त्याने विचारलं.

"मेरिन, दोन हजारला ती कशी वाजते गं आता?"

"छान वाजते, पॉप."

"छान म्हणजे? छान तर माझा डॉक्टरपण म्हणतो."

मेरिनने खिडकी खाली करून नीट ऐकलं. घुमते म्हणावं तर तसं नव्हतं. घरघरते म्हणावं तर तेही नाही. शेवटी ती पट्टा ताणून त्याच्याकडे सरकली, तोंड त्याच्या कानाला लावलं आणि छाती भरून इंजिनाचा आवाज काढला. वर्गातल्या कोणी पाहिलं असतं तर तिला चिडवायला वर्षभर पुरलं असतं.

पॉपच्या भुवया जवळ आल्या. नजर काट्यावरून सुटली.

"एवढी बारीक नाही ती," तो म्हणाला. "आवाज खाली घे."

तिने खाली घेतला.

"आणखी."

तिने पोटातून आवाज काढला, घसा थरथरेपर्यंत. गाडी दोन्हीकडच्या गव्हाच्या मधून सरळ चालली होती. पॉप समोर लांब कुठेतरी पाहत होता.

"हं," तो म्हणाला. "आता थांबू नकोस."