फक्त प्रार्थनेसाठी

पहिलं गीत संपत आलं होतं आणि चर्चच्या दारात तिचा नवरा उभा होता. धुतलेला शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. नखांतला पांढरा रंग मात्र तसाच होता. रंगाऱ्याच्या नखांतला रंग एका आंघोळीत थोडाच जातो. सकाळी ती घरातून निघाली तेव्हा तो पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला होता. तिचा आवाज ओळीच्या मधेच अडला. ज्या घटकेसाठी तिने इतकी वर्षं देवापुढे पदर पसरला, ती घटका अशी न सांगता-सवरता दारात येऊन उभी राहिली होती.

बाकाबाकांवरची डोकी वळली. मंडळीत तिला सगळे चिकाटीताई म्हणत. दर आठवड्याला प्रार्थना-विनंत्यांची वेळ झाली की ती उठायची आणि नवऱ्यासाठी मागायची. दारू सुटू दे, देवाच्या घरी येऊ दे. ऐकणारे कंटाळले, चर्चचे एक पाळक बदलून दुसरे आले, पण ही काही हटली नाही. "देवाने शब्द दिलाय, तो पाळणारच," असं ती म्हणाली की लोकांना स्वतःच्या तोकड्या विश्वासाची लाज वाटायची. आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

गीत संपलं. पाळकांनी सगळ्यांना एकमेकांची विचारपूस करायला सांगितलं आणि अर्धी मंडळी मागच्या बाकाकडे लोटली.

"या, या! जिन्यात झोपणं थांबलं ना आता?" नर्सबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन विचारलं.

"गिऱ्हाइकाचे रंगाचे डबे विकलेत, ते मनाला लावून घेऊ नका," बेकरीवाले काका म्हणाले. "देव क्षमा करतो."

शाळामास्तरांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "उशीत तोंड खुपसून रडता म्हणे लहान मुलासारखे. आम्ही सगळ्यांनी त्यासाठी उपास केला होता बरं का."

कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं. तेच तर वाईट होतं. सगळे मनापासून बोलत होते आणि बोललेला शब्दन् शब्द तिने पुरवलेला होता. "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं, बाहेर जायला नको," असं म्हणून तिने घरातली एकेक गोष्ट इथे आणून मांडली होती. देवापुढे नेमकं मागता यावं म्हणून, असं ती स्वतःची समजूत घालायची. जसं काही देवाला मंडळीच्या कानांतूनच ऐकू येत होतं. आणि बोलून झाल्यावर बायका पाठीवरून हात फिरवायच्या, तेव्हा किती हलकं वाटायचं!

त्याने लोकांच्या डोक्यांवरून तिच्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर परवडलं असतं. पण घरी यावं आणि शेजारी आपलं कपाट उघडून बसलेले दिसावेत, तसा तो नुसता बघत होता. आता हा जाणार, तिला वाटलं. आणि एकदा गेला की पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. इतक्या वर्षांची प्रार्थना फळाला आली आणि तिच्याच जिभेने ते फळ नासवलं.

तो गेला नाही. हळूच हात सोडवून घेऊन मागच्या बाकावर टेकला.

विनंत्यांची वेळ आली. सवयीने सगळे तिच्याकडे वळले. ती उठली नाही. काय तोंडाने उठणार? तेवढ्यात मागचा बाक करकरला.

"मला एक विनंती करायची आहे," नवरा म्हणाला. "माझ्या बायकोसाठी."

एक गोष्ट तिने कधीच विनंतीत आणली नव्हती. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिनेच तिला नणंदेकडे धाडलं होतं. "मला माझ्या घरी न्या गं," म्हणून म्हातारी रोज फोन करायची. फोन ठेवून ही नवऱ्याला सांगायची, आईंना तिकडेच करमतंय, इकडे यायला नको म्हणतात. म्हातारीने तिकडेच डोळे मिटले. दफनाच्या दिवशी नणंदेने भावाला सगळं सांगितलं आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा पिऊन आला. तिला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. तिनेही विषय काढला नाही. मंडळीसमोर ती म्हणायची, "चांगल्या माणसाला कुठून हे व्यसन लागलं, देव जाणे."

आता तो सांगणार. सांगू दे, आपल्या कर्माची फळं आहेत, तिच्या मनात आलं. तिने मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली.

"बोला ना," पाळक मायेने म्हणाले. "काय विषय आहे? म्हणजे मंडळीला नेमकी प्रार्थना करता येईल."

"ते देवाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं रोज त्यालाच सांगत आलोय, दुसऱ्या कुणाला नाही."