राखलेला पाना

"आधी तू दे," नाजिया म्हणाली.

रोहिणीनं हसत चिठ्ठीचं बंद पाकीट काढलं आणि चहाच्या टेबलावरून पुढं सरकवलं. मग नाजियानं आपलं दिलं. नेकनूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात सौदा झाला.

दोघी बीडच्या कॉलेजात एका बाकावरच्या. आता दोघींनी बुद्धिबळाचे आपापले प्रोग्रॅम बनवले होते. या धंद्यात दुसऱ्याचा प्रोग्रॅम विकत घेऊन त्याच्याशी शेकडो डाव खेळून बघतात, पण आतलं लिखाण कुणी कुणाला दाखवत नाही. रविवारी बीडचा बुद्धिबळाचा एक मोठा क्लास दोघींचे प्रोग्रॅम एकमेकांशी खेळवणार होता. जिंकेल तो क्लासच्या सगळ्या शाखांत जाणार. हरली तर नाजियाला पुण्याची नोकरी परत धरावी लागणार होती, आणि त्या नोकरीच्या नावानंच तिचा जीव घाबरा व्हायचा.

"एकेक गोष्ट एकमेकीला सांगू," असं रोहिणीनंच सुचवलं होतं. "झाकून ठिवलं तर दोघी बी हाय तितंच राहू गं."

नाजियाचे वडील ख्वाजामिस्त्री गॅरेजात पोरांना काम शिकवत. "सगळं शिकवावं, एक पाना आपल्याकडं ठिवावा," ते म्हणत. नाजियानं तर सगळेच पाने राखले. चिठ्ठीत तिनं लिहिलं होतं, उंटाची किंमत घोड्यापेक्षा कमी धर. वाचताना पटेल आणि डाव बुडवील, असं बेतून लिहिलेलं खोटं.

रोहिणीचं पाकीट तिनं फोडलंच नाही. आपण खोटं दिलं, म्हणजे तिनंही खोटंच दिलं असणार. आणि खोटं एकदा वाचलं की डोक्यात घर करतं. पाकीट लॅपटॉपच्या पिशवीत तळाशी गेलं.

रविवारी तीन डावांनंतर दोघी बरोबरीत होत्या. शेवटच्या डावाला अट अशी, की बरोबरी झाली तर काळी बाजू जिंकली. काळी बाजू रोहिणीकडं होती.

विसाव्या चालीला रोहिणीच्या प्रोग्रॅमनं घोडा घेऊन खुशाल उंट देऊन टाकला. नाजिया पडद्याकडं वाकली. तिनं खरंच विश्वास ठेवला? रोहिणीनं सहज वळून पाहिलं तशी नाजियानं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं. लाज वाटली, पण जिंकायचंही होतं.

तासाभरात नाजियाचं प्यादं शेवटच्या घराच्या तोंडाशी आलं. तिथं पोहोचलं की त्याचं हवं ते मोहरं करता येतं. प्यादं सरकलं, त्याचा वजीर झाला, आणि पंच उठून उभे राहिले. काळ्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हतं.

"बरोबरी. म्हणजे काळी जिंकली," पंच म्हणाले. "हत्ती केला असता तर डाव तुमचाच होता."

रोहिणी जवळ आली. जिंकूनही तिचा चेहरा उतरलेला होता.

"तुझा आकडा तपासायला येळच न्हाई भेटला. तू दिलास म्हणून तसाच घातला," ती म्हणाली. मग हळूच, "माझी चिठ्ठी वाचलीस का?"

"वाचली की," नाजिया म्हणाली.

"मग कावून असं..." रोहिणीनं वाक्य अर्धवट सोडलं आणि आपला लॅपटॉप मिटला.

नेकनूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून नाजियानं पाकीट फोडलं.

"नाजे, तुझा प्रोग्रॅम प्याद्याचा दर वेळी वजीरच करतो. कधी कधी हत्ती लागतो गं. रविवारच्या आत नीट कर, न्हाईतर मी फुकट जिंकीन."