चालून दाखवा

डॉक्टरांनी वनमालाला समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. ती बाकावरून उठली, साडीच्या निऱ्या उजव्या हातानं किंचित उचलून धरल्या आणि चालू लागली.

पोलिओनं वाळलेला डावा पाय तिनं कमरेतून पुढं आणला, तळवा पुरता टेकवला, मगच त्यावर भार टाकला. खांदा झुकू दिला नाही. गुडघ्याला हात लावला नाही. दार उघडंच होतं आणि अपंगांच्या शिबिराला आलेली रांगेतली माणसं आत बघत होती. भिंतीपाशी ती वळली, तशीच परत आली आणि टेबलाला न टेकता उभी राहिली.

"छान," डॉक्टर म्हणाले. "बरंच चांगलं चालता की तुम्ही."

वनमाला बेचाळीस वर्षांची होती. तिच्या चालण्याला छान म्हणणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. दाखल्याचा कागद घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं.

बाहेर धाकटा भाऊ बजरंग उभा होता. त्यानं कागद घेतला, वाचला आणि पुन्हा वाचला. पस्तीस टक्के अपंगत्व. बॅटरीची तीनचाकी गाडी मिळायची तर चाळीस लागत होते.

दसरा झाला की बजरंग बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा, तो उन्हाळ्यातच परतायचा. धर्मापुरीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम वनमालाकडं होतं आणि शेतातल्या वस्तीपासून शाळा अडीच किलोमीटर लांब. मागच्या हिवाळ्यात ती रोज चालत गेली. दोनदा रस्त्यात पडली, एकदा तर पोरं उपाशीच घरी गेली. यंदा दुसरी बाई बघावी लागेल, असं हेडमास्तरांनी बोलून दाखवलं होतं. म्हणून बजरंगनं सकाळी मोटारसायकलवर तिला सगळं समजावलं होतं. आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेव, गुडघा धर, जरा कण्हत चाल. तिनं ऐकून घेतलं होतं आणि आत मात्र एकटीच गेली होती.

"कावून चाललीस इतकी नीट?" बजरंगनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"मला तसंच येतं," ती म्हणाली.

बजरंग आत गेला. दारातून वनमालाला तो हात जोडताना दिसत होता. बहीण जरा भोळी आहे, तिला काही कळलं नाही, असं तो सांगत होता. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, बाहेरची रांग बघितली आणि तिला पुन्हा बोलवायला सांगितलं.

या खेपेला बजरंगनं दार लोटून घेतलं.

वनमाला आत येऊन पुन्हा बाकापाशी उभी राहिली. मग खाली वाकून तिनं डावा गुडघा हातानं घट्ट धरला. लहानपणी ती अशीच चालायची. शाळेत पोरी तिची नक्कल करू लागल्या, तेव्हा शेळ्यांच्या गोठ्यामागं भिंतीच्या आधारानं कितीतरी महिने चालून तिनं ती सवय मोडली होती.

आता हात गुडघ्यावर पडला आणि पाय आपसूक पुढं गेला. दुसरं पाऊल पडलं. तिसरं पडलं. चालताना कमरेत कळ असायचीच, म्हणून तिनं कधी तिची दखल घेतली नव्हती. ती कळ थांबली. वाकडं अंग हेलकावत ती भिंतीपाशी पोचली आणि वळलीच नाही. तिचे खांदे हलत होते.

"ताई, मघाशी तर नीट चालत होतात," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात संशय होता.

"मघाचं शिकलेलं हाय, सायेब," वनमाला भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली. "हे माझं हाय."

डॉक्टरांनी उठून तिला तपासायच्या टेबलावर झोपवलं, टेपनं दोन्ही पाय मोजले, मांड्यांचा घेर मोजला, कंबर दाबून बघितली. कधीपासून दुखतं, असं विचारलं. तिला सांगता आलं नाही. त्यांनी पहिला कागद फाडला आणि नवा लिहिला. बावन्न टक्के.

बाहेर पायऱ्यांपाशी येईपर्यंत बजरंगला हसू आवरेना.

"आक्का, लई भारी सोंग केलंस," तो म्हणाला. "मला बी खरंच वाटलं."

वनमाला पायरीवर बसली. मोटारसायकल पार फाटकाजवळ लावलेली होती आणि मधलं सगळं पटांगण माणसांनी भरलं होतं. बजरंग किल्ली काढून तिच्या उठण्याची वाट बघत होता.

"गाडी हितं आण," ती म्हणाली.

बजरंग दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. बाजार असो, लग्न असो, गाडी जवळ आण असं तिनं त्याला आजवर एकदाही सांगितलं नव्हतं. तो वळून तिच्याकडं बघू लागला. त्याचं हसू मावळलं. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण वनमालानं मान खाली घातली होती. तिच्या इस्त्रीच्या साडीवर गुडघ्यापाशी मुठीच्या चुण्या पडल्या होत्या आणि ती तळव्यानं त्या पुन्हा पुन्हा सारख्या करत होती.