बिनदुधाची खीर

२०२३ सालच्या वैशाखी पौर्णिमेची गोष्ट. ढोकीच्या विहारात वंदना संपली, तशा बायका आपापल्या घरची खीर अंगणातल्या मोठ्या पातेल्यात ओतू लागल्या. पातेल्याशी धुरपताबाई ओगराळं घेऊन बसली होती. कुणाची पातळ, कुणाची घट्ट, कुणाची गुळाची; ती ढवळून सगळ्यांची एक करत होती. वयाची ऐंशी गाठली तरी हे काम तिनं कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

भिमाबाईची सून प्रीती मात्र पातेल्याकडे गेली नाही. सहा वर्षांच्या सम्यकाला घेऊन ती भिंतीकडेला बसली. सोबतचा डबा उघडून तिनं मुलीच्या वाटीत थोडी खीर वाढली.

ती ओटच्या दुधाची होती. गाईम्हशीच्या दुधाचा थेंब पोटात गेला तरी सम्यकाचा घसा सुजायचा, श्वास अडकायचा. पण आजीच्या गावी तिला सगळ्यांसारखी खीर खायची होती. पुण्याहून आल्यापासून चार दिवस घरात धाराशिवच्या दुकानातल्या खोक्यांची परीक्षा चालली होती. सोयाचं दूध उकळताच फुटलं. बदामाचं तर नुसतं पाणीच. बिनदुधाचं पनीर चावून प्रीतीचा नवरा राजपाल म्हणाला, "सायकलची ट्यूब बरी." एका डब्यावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका बघून भिमाबाईनं तो खुशीनं उचलला होता. प्रीतीनं मागची बारीक अक्षरं वाचली आणि तो परत ठेवायला लावला. हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थालाही असतो. शेवटी ओटचं टिकलं.

"प्रीती, डबा आण गं इकडं," धुरपताबाईनं हाक दिली.

"आजी, हा सम्यकासाठी वेगळा ठेवलाय."

ओगराळं थांबलं. "वेगळा?"

"तिला दूध चालत नाही. ॲलर्जी आहे."

"विहारात कुणाचं काही वेगळं नसतंय, बाई. हाटेलच्या मागं आपल्या लोकांसाठी खिळ्याला टांगलेला कप म्या पाह्यलाय. आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. म्हणून तर हे पातेलं मांडलं आमी. आन् तू पुण्याहून वेगळा डबा घिऊन येतीस व्हय?"

"तसं नाही, आजी..."

"शहरात जाऊन लई सोवळ्याची झाली," कुणीतरी मागून म्हणालं. दोघीतिघी हसल्या.

प्रीतीनं सासूकडे पाहिलं. भिमाबाई खाली बघत पदराचं टोक पिळत होती. चाळीस वर्षं ती त्याच पातेल्याशी धुरपताबाईच्या हाताखाली होती. तिच्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

धुरपताबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. भरलं ओगराळं घेऊन भिंतीकडे आली. प्रीतीनं घाईनं डब्यावर झाकण दाबलं, पण वाटी मुलीच्या हातात होती.

"वाईच घेतल्यानं काय होतंय? सगळ्यांची हाय ही," म्हणत धुरपताबाईनं ओगराळं वाटीत रिकामं केलं.

दाट, पांढरी खीर. वर दोन मनुके. सम्यकानं हरखून वाटी तोंडाकडे नेली.

भिमाबाईचा हात कधी उठला, कुणाला कळलं नाही. वाटी फरशीवर आदळली. खीर उडाली. धुरपताबाईच्या लुगड्यावर शिंतोडे पडले.



"लावलीस जिभेला? सांग, लावलीस?" प्रीती मुलीची बोटं पाण्यानं धूत विचारत होती. सम्यका रडत मान हलवत होती, नाही, नाही. प्रीतीनं तिचं तोंड उघडून पाहिलं. पुन्हा विचारलं.

"भिमे," धुरपताबाई म्हणाली, "दानाची खीर उधळलीस?"

भिमाबाई नातीपुढं उभी राहिली. "मावशी, दिवाळीला हिच्या पोटात पेढ्याचा एवढासा कण गेला. दवाखाना येईस्तोवर मांडीवर घिऊन बसले हुते. ओठ निळे पडले हुते हिचे. तुमचा त्यो कप तुमाला हलकं ठरवायला टांगला हुता. ही वाटी पोरीला जगवायला हाय."

ओगराळ्यातून थेंब गळत होते. धुरपताबाईनं मुलीच्या ओठांकडे पाहिलं. मग तिनं ओगराळं शेजारणीच्या हातात दिलं आणि नळावर गेली. साबणानं कोपरापर्यंत हात घासले. एकदा, दुसऱ्यांदा. परत येऊन ती भिंतीशी बसली. लुगड्यावर शिंतोडे होते, म्हणून मुलीपासून हातभर लांब.

"वाढ," ती प्रीतीला म्हणाली. "दोन धुतल्या वाट्या आण. मला भी वाढ."

प्रीतीनं वाढलं.

"एकटीनं खाल्लं की वेगळं वाटतंय," धुरपताबाई सम्यकाला म्हणाली. "दोघी बसलो, झाली पंगत." तिनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आगं बया! पेंड कालवलीय का काय ह्यात?"

सम्यका रडता रडता हसली आणि तिनं चमचा उचलला.

मोठ्या पातेल्यातली खीर त्या दिवशी धुरपताबाईनं चाखली नाही. पुढच्या माघात ती गेली. राजपालला लातूरला नोकरी लागली. प्रीती तिथंच शाळेत शिकवते. सम्यकाला दूध अजून चालत नाही. विहारातलं काम आता भिमाबाईकडे आहे. वैशाखी पौर्णिमेला ती आधी बिनदुधाचं पातेलं चढवते, आणि ते संपेपर्यंत दुधाच्या खिरीच्या एकाही डब्याचं झाकण उघडू देत नाही. चव न्हाय, चव न्हाय, म्हणून बायका कुरकुरतात, आणि वाटी पुढं करतात.